रेझिनच्या पेन ब्लँकची रंगसंगती: कपातला रंग आणि पेनवरचा रंग

रेझिनचे (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकचे) पेन ब्लँक, म्हणजे पेनचे बाहेरचे आवरण ज्यातून घडवतात ते ठोकळे, ओतणाऱ्या बहुतेक हौशी मंडळींचा रंगांचा विचार कपापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. कपात ढवळताना मोरपंखी रंग सुरेख दिसतो, शेजारच्या कपातला तांब्याचा रंग त्याला शोभतो, आणि दोन्ही साच्यात पडताना उमटणारी वेटोळी पाहून काम फत्ते झाले असे वाटते. प्रत्यक्षात त्या साच्यातले फारच थोडे रेझिन पेनवर राहते. नेहमीचा ब्लँक 5 इंच लांब आणि पाऊण इंच, म्हणजे सुमारे 19 मिलिमीटर, जाडीचा चौकोनी असतो. त्याच्या मधोमध पितळी नळी बसवायला 7 मिलिमीटरचे भोक पाडले आणि लेथवर टर्निंग करून, म्हणजे फिरवत कापून, बाहेरचा व्यास 10 मिलिमीटरवर आणला, की ओतलेल्या रेझिनचा जेमतेम नववा हिस्सा उरतो. बाकीचे सारे कीस होऊन लेथखाली पडते. त्यामुळे रंग निवडताना मी त्या उरणाऱ्या पातळ कड्यापासून सुरुवात करते आणि तिथून उलट कपाकडे येते.

या कड्याचा पहिला परिणाम नक्षीच्या आकारावर होतो. 10 मिलिमीटर व्यासाच्या पेनचा घेर सुमारे 31 मिलिमीटर भरतो आणि एका वेळी त्याचा अर्धाच भाग डोळ्यांसमोर असतो. साच्यात अंगठ्याएवढे मोठे रंगाचे पट्टे ओतले, तर पेनच्या एका बाजूने तो नुसता निळा आणि दुसऱ्या बाजूने नुसता तपकिरी दिसतो, आणि रंगांची जोडी म्हणून जे काही योजलेले असते ते कुणाला दिसतच नाही. पेनसाठी रेषा बारीक हव्यात, दोन-तीन मिलिमीटरच्या, आणि त्या साच्याच्या लांबीला तिरप्या गेलेल्या असाव्यात.

दुसरा परिणाम पारदर्शकतेचा आहे आणि माझ्या मते रंग बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. स्लिमलाइन या बारीक प्रकारच्या पेनमध्ये टोकांपाशी पितळी नळीवर रेझिनचा थर पाऊण मिलिमीटरच्या आसपासच असतो. कपात तीन-चार सेंटीमीटर खोल दिसणारा गडद जांभळा इतक्या पातळ थरात फिका पडतो आणि खालच्या पितळेचा पिवळेपणा त्यात मिसळून मळकट दिसू लागतो. म्हणून पारदर्शक रंग वापरायचा असेल, तर नळीला बाहेरून किंवा भोकाला आतून रंग देणे मी आवश्यक मानते: गडद छटांना काळा, फिक्या छटांना पांढरा. नळी चिकटवण्याच्या इपॉक्सीतही (हाही रेझिनचाच प्रकार) तेच रंगद्रव्य घातले, तर चिकटवताना राहिलेली एखादी पोकळ जागाही पितळी डाग होऊन चमकत नाही. रंगाची परीक्षा करायची तर कपात डोकावून पाहण्यापेक्षा रंगवलेल्या नळीच्या तुकड्यावर एक थेंब पसरून पाहावा.

रेझिनला रंग आणि चमक देण्यासाठी घालतात त्या अभ्रकाच्या पुडीचे शास्त्र थोडे समजून घेतले, तर पुष्कळ पूड वाया जाण्याचे टळते. नुसते अभ्रक रेझिनमध्ये जवळजवळ दिसेनासे होते, कारण दोघांचे अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचे प्रमाण, फारसे वेगळे नाहीत. चमक येते ती अभ्रकाच्या पापुद्र्यांवर चढवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या किंवा आयर्न ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म थरामुळे. इंटरफेरन्स प्रकारच्या पुडीत तर त्या टायटॅनियमच्या थराच्या जाडीवरच रंग ठरतो: थर वाढत जाईल तसा परावर्तित रंग रुपेरी, सोनेरी, तांबडा, निळा, हिरवा असा बदलतो. अशी पूड काळ्या पार्श्वभूमीवर झळाळते आणि पांढऱ्यावर जवळपास नाहीशी होते. डबीत ती पांढरीच दिसत असल्याने ती पांढऱ्या रंगात मिसळण्याचा मोह अनेकांना होतो. त्यातून फक्त महागडा पांढरा रंग मिळतो. पूड किती घालावी यालाही मर्यादा आहे. रेझिनच्या वजनाच्या 5-6 टक्क्यांपुढे गेल्यास पापुद्रे एकमेकांवर दाटतात, ओतताना ते प्रवाहाच्या दिशेने वळू शकत नाहीत, आणि पेन फिरवताना सरकणारी ती रेशमी झाक हरवते. मी बहुधा 2 टक्क्यांवर थांबते.

आता मोरपंखी आणि तांबे या जोडीकडे येऊ, कारण ती सर्वांना आवडते आणि सर्वाधिक बिघडतेही. हे दोन रंग रंगचक्रावर जवळजवळ समोरासमोर आहेत. शेजारी ठेवले की एकमेकांना उठाव देतात, याचे निरीक्षण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी पॅरिसमधल्या गोब्लँ येथील विणकामाच्या रंगशाळेत काम करताना केले आणि 1839 साली त्यावर ग्रंथ लिहिला. पण मिसळले की तेच दोन रंग करड्या-तपकिरी चिखलावर येतात. ओततानाची सीमा कितीही काळजी घेतली तरी थोडी मिसळतेच. म्हणून मी दोघांच्या मध्ये तिसरा रंग सोडते, आणि तो काळा असतो. काळ्यात मिसळलेले तांबे गडद तांबेच राहते, काळ्यात मिसळलेला मोरपंखी रात्रीच्या पाण्यासारखा होतो. चिखल कुठेच होत नाही. निळा-हिरवा किंवा डाळिंबी-केशरी अशा शेजारच्या रंगांना हा मधला रंग लागत नाही, कारण त्यांच्या मिश्रणातून निघणारी छटाही देखणीच असते.

एका ब्लँकचे आकारमान सुमारे 46 मिलिलिटर, म्हणजे इपॉक्सीचे साधारण 50 ग्रॅम. त्यात मोरपंखी 30, काळा 12 आणि तांबे 8 ग्रॅम असे प्रमाण मला सोयीचे वाटते. समसमान भाग घेतले तर तिन्ही रंग एकमेकांशी भांडत राहतात. रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर आधी एकाच मोठ्या कपात नीट मिसळून मगच तीन कपांत वाटावे, कारण 8 ग्रॅमच्या मिश्रणात हार्डनर अर्ध्या ग्रॅमने चुकला तरी तो पट्टा मऊ राहू शकतो. रंगांच्या नावांपेक्षा त्यांच्या गडद-फिकेपणाचे अंतर महत्त्वाचे असते, हे तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे तिन्ही थेंबांचा मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढणे. त्यात दोन थेंब सारखेच करडे दिसले, तर हातभर अंतरावरून ते पेनवरही वेगळे दिसणार नाहीत.

ओतण्याची वेळ हाही रंगसंगतीचाच भाग आहे. पातळ रेझिन लगेच ओतले तर रंग एकमेकांत विरघळतात आणि जड अभ्रक तळाला बसते. इपॉक्सी मधासारखी दाट होईपर्यंत थांबावे लागते. पॉलियुरेथेन या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनमध्ये तेच काम तापमान पाहून करतात आणि मिश्रण 40 ते 45 अंश सेल्सिअसवर आले की ओततात, पण त्यासाठी हात चपळ हवा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात पॉलियुरेथेनच्या वाट्याला न जाणे बरे, कारण हवेतली आणि रंगपुडीतली ओल त्याच्यातल्या आयसोसायनेट या घटकाशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड तयार करते आणि ब्लँक फेसाळतो. इपॉक्सीवर दमट हवेत येणारा तेलकट थर मात्र टर्निंगमध्ये निघून जातो. तिचा दोष वेगळा आहे: उन्हाने ती कालांतराने पिवळी पडते, त्यामुळे शुभ्र पांढरा सायीकडे आणि फिका आकाशी हिरवटपणाकडे झुकतो. उन्हात वावरणाऱ्या पेनसाठी मी हे दोन रंग टाळते. मोरपंखी, शेवाळी, आमसुली या छटांना तो पिवळेपणा सहज पचतो.

पेनचे क्लिप, टोक आणि मधली कडी हाही एक रंगच आहे, आणि तो सर्वांत आधी ठरवलेला बरा, कारण तो आपल्याला मिसळता येत नाही. तांब्याच्या रंगाची पूड असलेल्या ब्लँकला सोनेरी मुलाम्याचे सुटे भाग लावले, तर जुळवू गेलो आणि जुळले नाही असा भास होतो. दोन्ही उबदार रंग जवळ आहेत, पण सारखे नाहीत. तिथे मी गनमेटल, म्हणजे काळपट करड्या मुलाम्याचे भाग, घेते, म्हणजे ते मधल्या काळ्या रेषांना जाऊन मिळते आणि तांबे एकटे उठून दिसते. सोनेरी भागच लावायचे असतील, तर ब्लँकमधून तांबे काढून त्याजागी मोतिया रंगाची बारीक रेषा द्यावी.