दाजीपूरच्या सड्यावरून मालवणच्या प्रवाळांपर्यंत

कोल्हापुरातून मालवणला जाणाऱ्यांचा बेत बहुधा ठरलेला असतो. पहाटे निघायचे, घाट उतरायचा, दुपारी सुरमईच्या ताटावर बसायचे आणि दुसऱ्या दिवशी तारकर्लीला पाण्यातले खेळ उरकून रात्री घर गाठायचे. या बेतात आनंद आहे, पण घाटमाथ्यापासून समुद्राच्या तळापर्यंत पसरलेले जे वैभव आपल्या इतके जवळ आहे, त्यातले फारच थोडे अशा धावपळीत हाती लागते. म्हणून फेब्रुवारीत मी आणि माझी धाकटी बहीण तळकोकणात उतरलो, ते सगळे शक्यतो चालत, वल्ह्याच्या होडीतून आणि पोहत पाहायचे असे ठरवूनच.

भोगावतीच्या काठाने राधानगरी आणि पुढे दाजीपूर ही वाट आम्ही मुद्दाम निवडली. दाजीपूरच्या जंगलाला 1958 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. पुढे 1985 मध्ये त्याचा विस्तार होऊन आजचे राधानगरी वन्यजीव अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र 351 चौरस किलोमीटर आहे आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश आहे. शाहू महाराजांनी उभारायला घेतलेल्या राधानगरी धरणाचे पाणी याच डोंगरांतून येते, म्हणजे आपल्या पंचगंगेचे एक मूळ इथे आहे. याच माथ्याच्या पलीकडच्या उतारावर पडणारा पाऊस मात्र कोकणातल्या नद्यांना मिळून अरबी समुद्राला जातो. एका बाजूचे पाणी कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचते आणि दुसऱ्या बाजूचे शेजारच्या मालवणपाशी, ही गोष्ट नकाशावर ठाऊक असली तरी सड्यावर उभे राहून दोन्हीकडचे उतार पाहिल्याशिवाय ती खऱ्या अर्थाने कळत नाही.

सावराईच्या सड्यावर स्थानिक वाटाड्याला सोबत घेऊन जावे. जांभ्या दगडाचे हे उघडे पठार पावसाळ्यानंतर फुलांनी भरते; फेब्रुवारीत ते करपलेले असते आणि वरवर पाहता तिथे काहीच नाही असे वाटते. आमच्या वाटाड्यादादांनी मात्र वाळलेल्या गवतातली गव्यांची लीद, खुरांनी फुटलेली माती आणि अंगाचा चिखल झाडाच्या बुंध्यावर घासल्याच्या खुणा एकेक करून दाखवल्या. पुढे झाडीच्या कडेला प्रत्यक्ष कळपच दिसला. मोठा नर हजार किलोच्या आसपास भरतो हे वाचलेले असते, पण गुडघ्याखाली पांढरे पाय असलेले ते काळेकभिन्न धूड कारवीतून पानाचाही आवाज न करता सरकते, तेव्हा माणूस आपोआप श्वास रोखतो. दादांनी हाताने थांबायची खूण केली आणि कळप रानात शिरेपर्यंत आम्ही जागचे हललो नाही. परतताना एका जांभळीवर शेकरूचे घरटे दिसले. शेकरू स्वतः काही दिसले नाही.

फोंडा घाट उतरला की हवा बदलते. अंगावरचा स्वेटर निघतो, काजू-आंब्याच्या बागा सुरू होतात आणि घरांच्या भिंती जांभ्याच्या होतात. मालवणला पोहोचायला संध्याकाळ झाली.

मालवणचा समुद्र हे अभयारण्य आहे, याची जाणीव तिथे येणाऱ्या किती जणांना असते, याची मला शंका आहे. 1987 मध्ये घोषित झालेले हे महाराष्ट्रातले पहिले सागरी अभयारण्य असून त्याचे क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतीचे खडकाळ पाणी हा त्याचा गाभा. किल्ल्याला जाणारी होडी या गाभ्यातूनच जाते. शिवछत्रपतींनी 1664 मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू केले, ते याच खडकांच्या भरवशावर, कारण पाण्याखालच्या खडकांमुळे शत्रूच्या मोठ्या जहाजांना बेटाजवळ येणे अवघड होते आणि वाटा ठाऊक असलेल्या स्थानिक नावाड्यांनाच सुरक्षित जाता येत असे. आज त्याच खडकांवर प्रवाळ वाढतात. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहून आम्ही तटावर बराच वेळ बसलो. भर दुपारी तिथे सावली नसते, म्हणून सकाळची पहिली होडी पकडणे उत्तम.

स्कूबासाठी तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि खासगी व्यावसायिकही पुष्कळ आहेत. आम्ही मात्र स्नॉर्केलिंग निवडले. त्यात स्कूबासारखे पाठीवर हवेचे नळकांडे नसते. तोंडात नळी, डोळ्यांवर मुखवटा आणि अंगात जीवरक्षक जाकीट घालून पाण्यावर पालथे पडून राहायचे, इतकेच. घाई नसेल तर यासारखा दुसरा अनुभव नाही. पाणी आकाशासारखे नितळ असेल अशी अपेक्षा ठेवू नये. इथल्या पाण्यात गाळ असतो आणि भरती-ओहोटीप्रमाणे दिसणे कमीजास्त होते. आधी सगळे हिरवट धूसर दिसले. मग डोळे सरावले आणि खालचा खडक हळूहळू स्पष्ट होऊ लागला. पिवळसर पाठीचे, काळ्या उभ्या पट्ट्यांचे हाताच्या पंज्याएवढे मासे थव्याने जवळ आले. त्यांच्या खाली एक गोलसर, मातकट रंगाचा प्रवाळ होता. वरून तो नुसता दगड वाटला. पण लाटेने मला थोडे जवळ नेले तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर षट्कोनी खळग्यांची दाट जाळी दिसली, हुबेहूब मधाच्या पोळ्यासारखी. त्यातल्या प्रत्येक खळग्यात एक जीव राहतो. त्याच्या शरीरातले सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न तयार करते आणि त्यावर तो जगतो, म्हणूनच प्रवाळांना उथळ आणि उजेड पोहोचेल असे पाणी लागते. पाणी प्रमाणाबाहेर तापले की हे शैवाल प्रवाळाला सोडून जाते, प्रवाळ पांढरा पडतो आणि तसाच राहिला तर मरतो. तापमानाला आपण तिथल्या तिथे काही करू शकत नाही. खडकावर पाय न टेकणे, कशालाही हात न लावणे आणि प्रवाळावर नांगर न टाकणारी होडी निवडणे, एवढे मात्र प्रत्येकाच्या हातात आहे. आमच्या होडीवाल्या काकांनी नांगर वाळूत टाकला आणि पाण्यात उतरण्याआधीच दम भरला, "ताई, दगडार पाय ठेवू नकात." असा दम भरणारा नावाडी मिळणे हे भाग्यच.

मालवणहून कुडाळकडे जाताना धामापूरचा तलाव वाटेवर लागतो. सन 1530 चा हा तलाव आजही शेतीला पाणी देतो आणि 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा बहुमान मिळाला. काठावर भगवतीचे देऊळ आहे आणि तिन्ही बाजूंनी झाडी पाण्यापर्यंत उतरलेली आहे. आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर डबा खाल्ला आणि पुढे निघालो.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्थानिक बचत गटातल्या महिला कांदळवनाची, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या खारफुटीच्या रानाची, सफर घडवतात. या प्रवासातला माझा सर्वांत आवडता भाग हाच. होडीला इंजिन नाही. दोघी ताई वल्ही मारतात आणि वल्ही मारता मारताच झाडे ओळखायला शिकवतात. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. "भरती इली की जावया," असे सांगून त्यांनी आम्हाला काठावर बसवले आणि तोवर चिखलातून वर आलेली तिवराची श्वसनमुळे दाखवली. बोटाएवढ्या जाडीची ती मुळे शेकड्यांनी उभी असतात आणि चिखलात न मिळणारा प्राणवायू हवेतून घेतात. कांदळाची गोष्ट तर आणखी नवलाची. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब हिरव्या शेंगेसारखे लोंबत राहते. गळून पडले की चिखलात रोवले जाते किंवा भरतीबरोबर तरंगत दुसरा काठ गाठते. ताईंनी अशी एक गळलेली शेंग हातात दिली. खालचे टोक अणकुचीदार, वरच्या टोकाला दोन इवल्या पानांची घडी. पाहून झाल्यावर ती त्यांनी परत घेतली आणि काठच्या चिखलात खोचून टाकली. पांढऱ्या चिप्पीला 2020 मध्ये राज्याच्या कांदळवृक्षाचा मान मिळाला, हे सांगताना त्यांच्या स्वरात अभिमान होता. खाडीच्या वळणावर खंड्या बसला होता, वर ब्राह्मणी घार घिरट्या घालत होती आणि मुळांच्या जाळ्यात माशांची पिल्ले होती. किनाऱ्यावरच्या मासेमारीचे भवितव्य या चिखलात वाढते, हे त्या ताईंना कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. त्यांच्या घरची चूल त्यावर चालते.

जवळच वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालायला येतात. गावकरी आणि वनखाते ती अंडी कुंपणाआड जपतात, कारण उघड्यावर कुत्री आणि कोल्हे ती उकरून खातात. अंड्यातून पिल्ले बाहेर यायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. आम्हाला पिल्ले पाहायला मिळाली नाहीत, पण वाळूवर घरट्यांच्या तारखांच्या पाट्या पाहून त्या कामातली चिकाटी समजली.

परतीला सावंतवाडीहून आंबोली घाट चढलो. हिरण्यकेशी नदी आंबोलीला उगम पावते आणि पूर्वेकडे वळून आजरा, गडहिंग्लज करत आपल्याच जिल्ह्यातून वाहते. उगमाच्या कुंडात सापडणाऱ्या चिमुकल्या माशाचे 2020 मध्ये नवी प्रजाती म्हणून वर्णन झाले आणि नदीवरूनच त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. कुंडात साबण, निर्माल्य किंवा खाद्य काहीही टाकू नये.

जाणाऱ्यांनी ऋतू पाहून बेत आखावा. दाजीपूरचे अभयारण्य पावसाळ्यात बंद असते, तर समुद्रातले खेळ आणि किल्ल्याच्या होड्या मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत थांबतात. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात सगळे एकाच फेरीत जमते. मांडवी खाडीची सफर भरतीवर अवलंबून असल्याने आदल्या दिवशीच वेळ विचारून ठेवावी, आणि मालवणला शनिवार-रविवार टाळता आला तर अवश्य टाळावा.