‘रन’चा खोका : पाचवा महिना, ११२ कार्डं

इंग्रजी ‘रन’ (run) या शब्दाचे वेगवेगळे अर्थ आणि त्यांना मराठीत काय म्हणतात, ते मी एकेका कार्डावर लिहून खोक्यात जमवतोय. गेल्या महिन्यात ७४ कार्डं होती, आता ११२ झाली. पण आकड्यापेक्षा जास्त आनंद याचा की मांडणी एकदाची जमली.

आधी मी मराठी क्रियापदांनुसार गठ्ठे केले होते. पहिला अर्थातच ‘धावणे’चा. त्यात माणूस, घोडा आणि क्रिकेटची धाव, एवढंच टिकलं. बाकी सगळं ‘इतर’मध्ये जाऊन पडायचं आणि तोच गठ्ठा सर्वांत जाड झाला. शेवटी एका रविवारी सगळं मोडलं आणि कर्त्यावरून लावलं. ‘रन’ होतंय ते काय?

पाण्याचा गठ्ठा लगेच जुळला. नाक वाहतं, मेण ओघळतं, धुताना कापडाचा रंग जातो. इंग्रजीत तिन्हीकडे ‘रन’. हे अर्थ मागाहून चिकटले असतील असं मी धरून चाललो होतो. पण जर्मनमधलं त्याचं भावंड ‘रिनेन’ म्हणजे आजही वाहणे, आणि ‘रेनेन’ म्हणजे धावणे. वाहणं या शब्दात मुळापासूनच आहे.

खरी मजा पुढच्या गठ्ठ्यात आली. दुकान, घड्याळ, यंत्र, संगणकाचा प्रोग्रॅम, शंभर प्रयोग झालेलं नाटक. इंग्रजीत हे सगळं धावतं, मराठीत चालतं! ३१ कार्डांवर उत्तर ‘चालणे’ किंवा ‘चालवणे’ आलं. अपवाद गाड्यांचा : ‘लोकल उशिराने धावत आहेत’. मला यात इंग्रजीची सावली दिसते, कारण घरी आपण ‘लोकल चालू आहेत का?’ असंच विचारतो. निवडणुकीत अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटिश उमेदवार ‘स्टँड’ करतो, आणि आपला उभा राहतो. हे कार्ड मी लाल शाईने लिहिलंय.

ज्यांना एवढा पसारा बघून धडकी भरते त्यांच्यासाठी : ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद ‘सेट’ची होती, ४३०हून अधिक अर्थांची. नंतर ‘रन’ नव्याने लिहिताना क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. संपादक पीटर गिलिव्हर यांना या एका शब्दाला नऊ महिने लागले. आपण घाई करायचं कारण नाही.

‘रन’च्या समानार्थी इंग्रजी शब्दांवर कमी वेळ दिला. घोड्याचं ‘बोल्ट’ म्हणजे उधळणं, अगदी नेमकं. ‘ट्रॉट’ला दुडकी चाल, ‘स्कॅम्पर’ला तुरुतुरु पळणं. ‘फ्ली’च्या बाबतीत मराठी फार श्रीमंत निघाली : धूम ठोकणे, पोबारा करणे, सूंबाल्या करणे. ‘स्प्रिंट’ला मात्र एकच शब्द सापडेना, ‘जीव तोडून धावणे’ लिहिलंय, पण त्यात धाप आहे, वेगाचं कसब नाही.

अडलेलं कार्ड एकच, तापाचं. इंग्रजीत माणूस ताप ‘रन’ करतो. मराठीत ताप माणसाला येतो, चढतो, उतरतो. माणसाच्या हातात काहीच नाही. कर्त्यावरून लावायचं ठरवलंय, तर हे माणसाच्या गठ्ठ्यात की तापाच्या? सध्या ते दोन गठ्ठ्यांच्या मध्ये आडवं ठेवलंय.