समोरची जागा

आमचा टीव्ही पितृपंधरवड्यात गेला. पूर्ण गेला असं नाही; चित्र गेलं, आवाज राहिला. दुरुस्तीवाल्या मुलाने हॉलमधला दिवा घालवायला लावला, मोबाइलचा टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवला, आणि त्या उजेडाच्या गोलात एक बाई रडताना दिसली. फिकट, धुरकट, पण होती. "चित्र आहे काकू, मागचे लाईट गेलेत," तो म्हणाला. आतल्या एलईडीच्या पट्ट्या बदलायचे साडेतीन हजार, आणि गॅरंटी काही नाही. अकरा वर्षांच्या बत्तीस इंची टीव्हीवर एवढे पैसे घालायचे का, यावर घरात चर्चा सुरू होणार तोच सासूबाईंनी निकाल दिला. जुन्याला आता हात लावू नका, आणि पंधरवड्यात नवीन वस्तू घरात येणार नाही. खर्च पुढे ढकलला गेल्यामुळे माझ्या नवऱ्याची या नियमावर एकदम श्रद्धा बसली.

तोवर सासूबाई मालिका ऐकू लागल्या. आणि मला सांगायला हरकत नाही, त्यांचं काहीही अडलं नाही. मालिकेतलं प्रत्येक माणूस बोलण्याआधी समोरच्याचं नाव घेतं. वाईट बाई आली की तिच्या आधी तिचं संगीत येतं. उरलंसुरलं जो तो मनातल्या मनात, पण मोठ्याने सांगतो. रात्री जेवताना आई मला पूर्ण भाग सांगायच्या, साडीच्या रंगासकट. "मोरपिशी होती आज." मी म्हटलं, "अहो आई, दिसत तर नाही ना?" तर म्हणाल्या, "अगं, आवाजावरून कळतं."

२१ सप्टेंबर २०२५ ला सर्वपित्री झाली. २२ ला घटस्थापना, आणि गंमत म्हणजे त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. बत्तीस इंचांपर्यंतच्या टीव्हीवर आधीपासूनच १८ टक्के होता; त्याहून मोठ्यांवरचा २८ चा १८ झाला. "म्हणजे सरकारचीच इच्छा आहे आपण त्रेचाळीस घ्यावा," असं आमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं. मी शिवणाची टेप काढली. टीव्हीचा इंच हा तिरका इंच असतो, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा. त्रेचाळीस इंची पडदा रुंदीला साडेसदतीस इंच भरतो, वर चौकटीचा अर्धा धरा. आमच्या शोकेसचा कोनाडा एकोणचाळीस. दोन्ही बाजूंना बोट आडवं जाईल एवढी जागा. सुताराने हे शोकेस केलं तेव्हा "काकू, बत्तीसपेक्षा मोठा कोण घेतो?" असं विचारलं होतं, तरी जागा सोडून ठेवली त्याने, भला माणूस.

आठवडाभर चिरंजीव मोबाइलमध्ये डोकं घालून बसला आणि शेवटी दोनच टीव्ही उरले. दोन्ही त्रेचाळीस इंची, दोन्ही वीस-बावीस हजारांतले, किमतीत दीड हजाराचा फरक. दुकानात एक खांबाजवळ लावलेला होता, एक दाराजवळ, म्हणून घरात त्यांची नावंच पडली खांबवाला आणि दारवाला. खांबवाला फोर-के. दारवाला साधा फुल एचडी, म्हणजे चित्राचे ठिपके फोर-केच्या चौथाईने, आणि तोच दीड हजाराने महाग. विक्रेत्याला या महागाईचं कारण सांगता आलं नाही. "मॅडम, कंपनी मोठी आहे" एवढंच म्हणाला.

कारण पडद्याच्या जातीत होतं. खांबवाल्याचा पडदा व्हीए, दारवाल्याचा आयपीएस. व्हीएमध्ये काळा रंग खरोखर काळा दिसतो. पांढऱ्या-काळ्यातलं अंतर तीन हजाराला एक किंवा त्याहूनही जास्त; आयपीएसमध्ये ते हजाराला एकच्या आसपास, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा राखाडीकडे झुकतो. एवढं वाचलं की कोणीही खांबवाला उचलेल. माझंही मन तिकडेच होतं. पण व्हीएची एक खोड आहे. समोरून बघाल तोवर सगळं छान. कडेला सरकलात की रंग धुतल्यासारखे विटतात. आयपीएस कडेने बघितला तरी रंग धरून ठेवतो.

आता आमचा हॉल सांगते. डोंबिवलीतला, दहा बाय पंधराचा. सासूबाईंची खुर्ची बाल्कनीच्या दारात, कारण मेथी निवडायला उजेड तिथे आहे. नवरा डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यात, लॅपटॉपवर एक डोळा ठेवून. चिरंजीव जमिनीवर, बरोबर टीव्हीच्या खाली, मान वाकडी करून. मी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला टेकून, हातात झारा. टीव्हीच्या थेट समोर, नऊ फुटांवर, सोफा आहे. त्या सोफ्यावर इस्त्रीवाल्याकडून आलेल्या कपड्यांची थप्पी असते. टीव्हीची सगळी परीक्षणं ज्या माणसासाठी लिहिलेली असतात, अंधार करून बरोबर मधोमध बसणाऱ्या माणसासाठी, तो माणूस आमच्या घरात राहतच नाही. आमच्याकडे संध्याकाळी ट्यूबलाईट चालू, बाल्कनी उघडी आणि प्रेक्षक चार कोपऱ्यांत. त्या उजेडात खोल काळा रंग बघायला कोणाला मिळणार? पडद्यावर ट्यूबलाईट दिसते, ती पांढरी असते.

म्हणून मी दुकानात टीव्हीसमोर उभी राहिलेच नाही. विक्रेत्याकडून प्लास्टिकचं स्टूल मागून घेतलं आणि बाजूच्या फ्रिजला पाठ लावून बसले, सासूबाईंच्या खुर्चीच्या कोनात. त्याला वाटलं मला चक्कर आली. पाणी घेऊन आला. दोन्ही पडद्यांवर तेच ते चालू होतं जे जगातल्या सगळ्या दुकानांत चालू असतं. लाल-निळे पोपट, पाण्यात पडणारी स्ट्रॉबेरी, संथ ओतला जाणारा मध. आमच्या घरात यातलं काही दिसायचं नाही. मी म्हटलं, "दादा, मराठी बातम्या लावा ना." त्याने नाइलाजाने इंटरनेटवरून लावल्या. खाली दोन पट्ट्या पळतायत, कडेला भाव, मधल्या चौकटीत कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळाबाहेरची रांग. नवरात्रातला तो हिरव्याचा दिवस. रांगेतल्या बायका हिरव्या, दुकानातल्या गिऱ्हाईक बायका हिरव्या, मीही हिरव्यातच. मग मला सुचलं. उठले, पदर पडद्याला लावून बघितला. दोन्ही टीव्हींवर रांग पोपटी. विक्रेता समजूतदार निघाला. त्याने सेटिंगमध्ये जाऊन दुकानासाठीचा भडक मोड काढून साधा लावला आणि बायका माझ्या पदराच्या जवळपास आल्या. परत स्टुलावर येऊन बसले. दारवाल्यात रांग हिरवीच राहिली. खांबवाल्यात त्याच बायका उन्हात वाळत घातल्यासारख्या झाल्या.

"पण फोर-के सोडून फुल एचडी?" नवरा म्हणाला. "दहा वर्षं वापरायचाय." मुद्दा चुकीचा नव्हता. पण त्रेचाळीस इंचांच्या फुल एचडी पडद्यावरचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि नऊ फुटांवरून धडधाकट डोळ्यालाही तो वेगळा दिसत नाही. त्याचे आणखी चार तुकडे करून आमच्या घरात कोण मोजणार? सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत. शिवाय आमच्या सेट-टॉप बॉक्समधून साधे चॅनल येतात ते ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे. ते ताणून ताणून मोठ्या पडद्यावर पसरायचं काम टीव्ही करतो, आणि जेवढी जास्त ताणाल तेवढी कणिक तुटते. खोक्यावरच्या एचडीआरचंही, म्हणजे उजेड-अंधार जास्त ठळक दाखवण्याचंही तसंच. ती करामत दिसायला पडद्यात जो झगझगीत उजेड लागतो, तो या किमतीत मिळत नाही. अक्षरं तेवढी मिळतात.

खरं सांगायचं तर एवढं सगळं होऊनही माझा निर्णय रिमोटवर झाला. दोन्ही रिमोट सडपातळ, आकडे नाहीत, सिनेमांच्या ॲपची बटणं मात्र चार-चार. खांबवाला चालू केला की आधी लोगो, मग घिरट्या घालणारा गोल, मग पोस्टरांची भिंत. त्या भिंतीतून सेट-टॉप बॉक्सपर्यंत जायला तीन वेळा उजवीकडे आणि एकदा खाली. सासूबाई तिथे रोज हरवणार आणि रोज मला हाक मारणार, नेमकी फोडणी तडतडत असताना. दारवाल्यात एक सेटिंग सापडलं: चालू केल्यावर शेवटी जिथे होतात तिथेच उघडा. मी विक्रेत्याकडून तीनदा बंद-चालू करून घेतलं. तिन्ही वेळा सरळ बातम्याच. दीड हजार तिथे वसूल झाले.

टीव्ही दसऱ्याला आला. त्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला होता. सासूबाईंनी पडद्याच्या चौकटीला झेंडूची माळ लावली, पुढ्यात आपट्याची पानं ठेवली आणि सहज म्हणाल्या, "मुंबईत टीव्ही सुरू झाला तोही दोन ऑक्टोबरलाच." १९७२ साली. त्या तेव्हा गिरगावात, चाळीत. मजल्यावर एकाच बिऱ्हाडात टीव्ही, लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा, कुलूप लागणारा. त्याचं लायसन्सही असे, पोस्टात पैसे भरून घ्यायचं. रविवारच्या सिनेमाला मुलं जमिनीवर, बायका त्यांच्या मागे, पुरुष गॅलरीत खिडकीच्या गजांना धरून. "आणि ज्यांचा टीव्ही, त्या काकू?" मी विचारलं. आई हसल्या. "त्या स्वयंपाकघराच्या दारात. त्यांना कोण बसायला जागा देणार?" तिथूनही काकूंना सगळं नीट दिसत असणार. काचेच्या नळीच्या त्या टीव्हीला कडेचं वावडं नव्हतं.

संध्याकाळी मी सोफा मोकळा केला. पहिला दिवस म्हणून सगळे ओळीने समोर बसलो, श्रीखंडाच्या वाट्या घेऊन. मालिकेतली ती बाई जिन्यावरून खाली आली. सासूबाई चष्मा सावरून पुढे वाकल्या. "शी! ही तर चिंतामणी नेसलीय. मला वाटलं होतं मोरपिशी." आणि चेहऱ्यावर स्पष्ट निराशा. दहाएक मिनिटं झाली असतील. नवऱ्याचा फोन वाजला, तो टेबलाकडे गेला. चिरंजीव घसरत घसरत जमिनीवर पोचला. कुकरची शिट्टी झाली म्हणून मी उठले. आईंनी मेथीची जुडी उचलली आणि बाल्कनीच्या दारातली आपली खुर्ची गाठली. मग बेल वाजली. इस्त्रीवाला होता, मी गठ्ठा घेतला आणि सोफ्यावर ठेवला.