सेटिंग शीट पंचवीस अंशांची, ट्रॅक पंचेचाळीसचा: खान्देशात आरसी बग्गी कशी बसवायची

परदेशी रेसरांच्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या बग्ग्यांच्या सेटिंग शीट (टायर, तेल, उंची अशा मापांचे तक्ते) नेटवर ढिगाने मिळतात. बग्गी तीच, मॉडेल तेच, म्हणून लोक शीट जशीच्या तशी उतरवतात आणि गाडी जळगाव-भुसावळच्या मुरमावर पहिल्याच वळणाला गिरकी घेते. शीट चुकीची नसते. बहुतेक वेळा ती पाणी मारून घट्ट केलेल्या चिकणमातीवर किंवा कार्पेटवर, पंचविशीच्या आसपासच्या तापमानात बसवलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात हवाच 43-45 अंशांवर जाते, जमीन त्याहून तापते. डिसेंबरच्या सकाळी धुळ्यात पारा दहाच्या खाली उतरतो. म्हणून शीट घ्यावी, पण आधी आपल्या हवेत आणि मातीत बसवून घ्यावी.

खालचे आकडे 1/8 (खऱ्या गाडीच्या आठव्या भागाएवढ्या) इलेक्ट्रिक फोर व्हील ड्राइव्ह बग्गीचे आहेत. 1/10 चं वेगळं असेल तिथे सांगितलंय.

सुरुवात टायरपासून. टायर चुकला तर बाकी काहीही फिरवून उपयोग नाही. पण टायर निवडायच्या आधी ट्रॅकची माती मुठीत घेऊन दाबा. बोटांतून पिठासारखी गळून गेली तर तो फुफाटा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर ओल बरोबर आहे. तळव्याला चिकटून राहिली तर काळी माती अजून ओली आहे, त्या दिवशी गाडी घरीच बरी.

कोरड्या, सुट्या मुरमावर उंच आणि एकमेकींपासून दूर असलेल्या पिनांचा (रबरी काट्यांचा) टायर लागतो, म्हणजे पिन वरचा थर भेदून खालच्या कडक भागाला पोचते. तासाभर गाड्या फिरल्या की रेसिंग लाइनवरचा फुफाटा बाजूला उडतो आणि गुळगुळीत, काळपट पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यावर उंच पिना वाकतात आणि गाडी डगमगते. तिथे बुटक्या, दाट पिनांचा टायर चांगला, अर्धा झिजलेला असला तर आणखी चांगला. जुने टायर फेकू नका ते याचसाठी.

कंपाउंडचं, म्हणजे रबर किती मऊ हवं त्याचं उत्तर टायरवरच लिहिलेलं असतं. पाच लॅप मारून गाडी थांबवा आणि पिनांच्या कडा बघा. कडा फाटून केसासारखे तंतू निघालेत तर कंपाउंड फार मऊ. तापलेल्या मुरमावर तो दुपारपर्यंत संपेल, मीडियम लावा. कडा कोऱ्या करकरीत आणि वर धुळीची पातळ साय असेल तर रबर पकडतच नाहीये, सॉफ्टकडे जा. फक्त आतल्या बाजूच्या पिना झिजल्या असतील तर दोष टायरचा नाही, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) जास्त आहे. मागे उणे 2 अंशांपासून सुरू करून अर्ध्या-अर्ध्या अंशाने कमी करा. आणि झीज एकाच बाजूने होत असेल तर डावी-उजवी चाकं अदलाबदल करा, पिनांची दुसरी धार कामाला येते.

आता शॉकमधलं (चाकांचे धक्के झेलणाऱ्या नळकांड्यांतलं) तेल, इथे आपलं गणित सगळ्यात जास्त चुकतं. सिलिकॉन तेलाचा बाटलीवरचा आकडा 25 अंशांचा असतो. 45 अंशांना तेच तेल साधारण एक तृतीयांशाने पातळ वागतं. 500 सीएसटीचं (सेंटिस्टोक, तेलाच्या जाडीचं माप) तेल 340 च्या आसपास येतं. शीटवर पुढे 500, मागे 450 लिहिलं असेल तर मे महिन्याच्या दुपारी तसाच अनुभव यायला पुढे 700-750 आणि मागे 650 भरावं लागतं. थंडीत उलट: 10 अंशांना 500 चं तेल जवळजवळ 700 सारखं जड होतं, म्हणून सकाळच्या राउंडला पुढे 400, मागे 350 पुरतं. ऊन चढलं की पुन्हा बदल. आणखी एक: ‘वेट’ या जाडीच्या दुसऱ्या मापाचे आकडे कंपनीगणिक वेगळे असतात, एकाचं 35 दुसऱ्याच्या 35 शी जुळेलच असं नाही. खरेदी करताना सीएसटीच बघा.

भरणं सावलीत. शॉक उभा धरा, पिस्टन खाली ओढून काठोकाठ तेल घाला, पिस्टन हळूहळू वर-खाली करा आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. बुडबुडे वर आले की मगच टोपण. नंतर पुढचे दोन शॉक टोकाला टोक लावून एकमेकांवर दाबा. एक आधी आत गेला तर तेल किंवा हवा कमी-जास्त आहे. त्याच अवस्थेत गाडी बसवली तर ती एका बाजूच्या वळणाला एक आणि दुसऱ्या बाजूला वेगळंच वागेल, आणि तुम्ही टोमध्ये (चाकं आत-बाहेर वळलेल्या कोनात) दोष शोधत बसाल. शेवटी गाडी फूटभर उंचीवरून सपाट सोडा. चेसिस (गाडीचा तळ) जमिनीला हलकी टेकून जागेवर आली तर ठीक. धाडकन आपटली तर तेल पातळ, उसळून परत उडाली तर जाड किंवा स्प्रिंग कडक.

डिफच्या (चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरेन्शियलच्या) तेलाला हीच उष्णता लागते, पण तिथे घाईने जाड तेल भरू नका. पुढे-मध्ये-मागे 5-7-3 हजार सीएसटी ही चालणारी सुरुवात आहे. मधलं तेल पातळ असलं की थ्रॉटल दिल्यावर ताकद हलक्या झालेल्या पुढच्या चाकांकडे निसटते. गाडी मवाळ होते, पण फुफाट्यात तेच सोयीचं, मागची चाकं घसरत नाहीत. ट्रॅक बांधला गेला, पकड आली की मधे 10 हजार करा, जोर सरळ जमिनीला लागतो. मागचं तेल जाड केलं आणि गाडी वळणातून बाहेर पडताना मागून सुटायला लागली, तर परत 3 हजारांवर या.

राइड हाइट (जमिनीपासून चेसिसची उंची) मोजायला सपाट शहाबादी फरशी उत्तम, ट्रॅकची जमीन नाही. बॅटरी-बॉडीसकट गाडी वीतभर उंचीवरून टाका, आपोआप स्थिरावू द्या, मग चेसिसखाली मोजा. खड्डे-ढेकळांच्या ट्रॅकला 28-30 मिमी, गुळगुळीत बांधलेल्याला 25-26. 1/10 टू व्हील ड्राइव्हला 22-24 पुरे. खडबडीत ट्रॅकला उंचीबरोबर ड्रूपही (चाक खाली लटकायची मुभा) वाढवा, मागचा स्वे बार (गाडीचं कलणं रोखणारी तार) एक नंबर बारीक लावा आणि अँटी-स्क्वॉट (थ्रॉटलला मागचं टोक दबू न देणारा कोन) कमी करा. तो जास्त असला की खड्ड्यावर थ्रॉटल देताच मागचं टोक उडतं. मागचा टो 3 अंश ठेवा. कार्पेटसाठी मिड-मोटर (मोटर मधे असलेली) टू व्हील घेतली असेल तर फुफाट्यात तिचं वजन मागे कमी पडणारच. बॅटरी जितकी मागे सरकेल तितकी सरकवा. पण मुरमावरच चालवायची ठरली असेल तर आमचं मत रिअर-मोटरला.

काळ्या मातीचं वेगळं. पाऊस झाल्यावर ट्रॅकवर दहा पावलं चालून बघा. चप्पल जड झाली तर रिमही जड होणार, चाकाचा तोल जाणार आणि आर्म (चाक धरणारा दांडा) तुटणार. दोन दिवस ऊन मिळालं की काही तास अशी पकड येते की गाडी उलटायला लागते. तिथे बुटक्या पिना आणि खाली घेतलेली चेसिस. पुढे भेगा पडल्या की कडा सुटून ढेकळं होतात. मुरमात थोडी काळी माती मिसळून, पाणी मारून रोलर फिरवला तर पृष्ठभाग बांधला जातो. माती जास्त झाली तर भेगाच वाढतात.

फुफाट्याचं काम गाडीच्या आत चालतं. शॉक शाफ्टवरची धूळ सीलमध्ये घुसून ओ-रिंग कापते, म्हणून प्रत्येक राउंडनंतर शाफ्ट कोरड्या फडक्याने पुसा. पंक्चरवाल्याकडच्या हवेने बेअरिंग फुंकू नका. दाबाने धूळ आत जाते आणि नळीतलं पाणीही. ब्रश वापरा.

आणि मोटर. पाच मिनिटांच्या राउंडनंतर टेम्परेचर गनने बघा: 80 अंशांच्या वर असेल तर पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) एक दात लहान करा, ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) पंच, म्हणजे सुरुवातीचा झटका कमी करा. पिनियन बदलला की मेश (दातांमधली फट) पुन्हा बसवायला विसरू नका. कागदाची पट्टी दातांमध्ये घालून घट्ट करा आणि मग काढा. लिपो बॅटरीला 60 अंश ही हद्द आहे, आणि उन्हात उभ्या मोटरसायकलच्या डिकीत ती हद्द गाडी चालवायच्या आधीच ओलांडली जाऊ शकते. पॅक सावलीत ठेवा आणि राउंडवरून आलेला गरम पॅक लगेच चार्जरला लावू नका.