निरसं दूध अजून आणतेस का?

कुणाकडे सत्यनारायण निघाला की आमच्या सॅन होजेतल्या मराठी मंडळींपैकी एखादीचा फोन ठरलेला. "पंचामृताला निरसं दूध हवंय गं, तू कुठून आणतेस?" अलीकडे त्याला शेपूट जोडलं गेलंय, "आणि त्या बर्ड फ्लूनंतरही आणतेस?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते. आणायचे, आता आणत नाही.

आणायचे तेही पिण्यासाठी नव्हे. कॅलिफोर्नियात निरसं, म्हणजे पाश्चराइझ न केलेलं दूध दुकानात उघड मिळतं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन विकायला 1987 पासून बंदी आहे, पण राज्यातल्या राज्यात चालतं. साध्या दुधाच्या तिपटीहून महाग. तरी मी घ्यायचे ते सायीपायी. इथलं नेहमीचं दूध होमोजिनाइझ केलेलं असतं, त्यातल्या स्निग्धाचे कण इतके बारीक केलेले असतात की कितीही तापवा, वर धड साय धरत नाही. निरशा दुधाला मात्र उकळून रात्रभर ठेवलं की भाकरीसारखी साय यायची, उलथन्याने सोडवावी लागायची. आठवडाभराची साय विरजून, घुसळून, लोणी कढवून घरचं तूप. एवढाच माझा लोभ.

मग "आपण लहानपणी कच्चंच प्यायचो की!" हे वाक्य येतंच. माझं माहेर कोल्हापूरचं, त्यामुळे मला जरा जास्तच ऐकवतात. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात, समोर धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास हातात देतात, हे खरं आहे. माझा मामा तालमीतून परस्पर तिकडे जायचा. पण त्याच मामाच्या घरी आजी दूध तापवल्याशिवाय कुणाला हात लावू देत नसे. कासंडी आत आली की आधी पातेलं चुलीवर, मग बाकीचं. धारोष्ण दूध हा मामाचा शौक होता, घरचा रिवाज नव्हता. आठवणीत मात्र मिशीला लागलेला फेसच राहिलाय, पातेलं कुणाला आठवत नाही.

मार्च 2024 मध्ये टेक्सास आणि कॅन्ससमधल्या गाईंना बर्ड फ्लू झाल्याचं जाहीर झालं. पक्ष्यांचा आजार गाईला, म्हणून सगळ्यांनीच भुवया उंचावल्या. मला मात्र त्या बातमीतली एकच ओळ खटकली होती: गाई कमी दूध देतायत आणि येतंय ते दाट, पिवळसर. अहो, हा तर चीक! नुकती व्यायलेली नाही आणि गाय चिकासारखं दूध देतेय. खरवस करणाऱ्या बाईला हे वाचून कसंतरीच होणार. टेक्सासमधल्या एका गोठ्यावर अशा गाईंचं कच्चं दूध मांजरांना घातलं जायचं. दोन डझनांपैकी जवळपास निम्मी मेली.

"आमची डेअरी स्वच्छ आहे" हा दावा इथेच लंगडा पडतो. बाकीच्या बऱ्याच जंतूंचं काय असतं, की शेण, अस्वच्छ भांडी, हात यांतून ते दुधात पडतात. सड धुवा, भांडी उकळा, दूध लगेच थंड करा, धोका पुष्कळ कमी होतो. हा विषाणू बाहेरून पडत नाही, तो कासेतच वाढतो. त्याला चिकटायला लागणारे रेणू गाईच्या कासेत भरपूर असतात, आणि दुधाच्या प्रत्येक थेंबात तो प्रचंड संख्येने उतरतो. गोठा आरशासारखा लख्ख असला तरी दूध आतूनच बाधलेलं. वर यंत्राने दूध काढताना तेच पेले एका गाईवरून दुसऱ्या गाईला लागतात. म्हणजे मामाच्या कट्ट्यावरचं शहाणपण, म्हैस डोळ्यांसमोर आहे, ग्लास ताजा आहे, हेही इथे कामाचं नाही. उलट जितकं ताजं तितका विषाणू जिवंत.

दूध तापवलं की मात्र त्याचा खेळ खलास. पाश्चरायझेशनमध्ये 72 अंशांवर 15 सेकंद, बस. सरकारी तपासणीत दुकानातल्या पाश्चराइझ्ड दुधाच्या पाचांतल्या एका नमुन्यात विषाणूचे अवशेष मिळाले, जिवंत विषाणू एकातही नाही. मेलेल्याचे तुकडे.

मग मी तर उकळतच होते, बंद का केलं? नोव्हेंबर 2024 मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, आमच्याच सांता क्लारा काउंटीतल्या दुकानातून उचललेल्या निरशा दुधात विषाणू सापडला. माल परत मागवला गेला, पुढे त्या डेअरीचं सगळंच निरसं दूध. तेव्हा पहिल्यांदा मी माझ्याच स्वयंपाकघराकडे नीट पाहिलं. बाटली उघडताना दोन थेंब ओट्यावर, तोच हात डोळ्याला, पातेल्यात ओतताना शिंतोडे, बाटली विसळताना आणखी. टेक्सासमधल्या गोठ्यावर राबणाऱ्या पहिल्या रुग्णाचे डोळेच लाल झाले होते. दूध उकळेपर्यंत ते निरसंच असतं, आणि तेवढा वेळ ते माझ्या हातांत असतं. तुपासाठी एवढं नको.

माझी शेजारीण मात्र अजून पिते. निवृत्त शिक्षिका, माझ्यापेक्षा चौपट वाचन, वेडी नव्हे. ती म्हणते, अमेरिकेत 70 च्या आसपास लोकांना हा आजार झाला, त्यातले बहुतेक गोठ्यांत आणि कोंबड्यांच्या फार्मवर राबणारे, दूध पिऊन कोण आजारी पडलं दाखव. मुद्दा खोटा नाही. मी तिला सांगितलं, फ्लू बाजूला ठेव, सप्टेंबर 2023 ते मार्च 2024 मध्ये इथल्याच कच्च्या दुधातून 171 जणांना साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची लागण झाली, त्यांत बहुतेक पोरं. तिने ऐकून घेतलं आणि विषय बदलला. आकडे सांगून कुणाचा ग्लास खाली येत नाही, हे मी आता शिकलेय. काही गिऱ्हाइकं तर विषाणू असलेलंच दूध मागत होती, प्रतिकारशक्ती वाढेल म्हणून. एका डेअरीमालकानेच हे सांगितलं होतं.

मला राहून राहून 2006 आठवतं. नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला आणि तिथून शेकडो मैल लांब कोल्हापुरात आईने अंडीसुद्धा बंद केली, रस्सा तासभर रटरटणारा असूनही. तेव्हा शिजवलेल्याला घाबरलो, आता इथे न तापवलेलं पितात.

पंचामृताचं म्हणाल तर गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, पिशवीतलं चालतं हो, आम्ही पुण्यात तेच वापरतो.

शेजारणीकडे परवा चहाला गेले होते. तिचं म्हातारं मांजर पायात घुटमळत होतं. पूर्वी तिच्या ग्लासातलं उरलेलं दूध त्याच्या बशीत जायचं. डिसेंबर 2024 मध्ये लॉस एंजेलिसकडे असंच दूध पिऊन घरातली मांजरं दगावली, तेव्हापासून बशीत नुसतं पाणी असतं. "याला नाही देत हं," ती म्हणाली, आणि स्वतःचा ग्लास भरला.