पाल्याला वजनकाटा

मागच्या आठवड्यात इथे कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत आमच्या बागकाम कंपनीचा ट्रक कचरा डेपोच्या दारातूनच परत आला. आत होत्या छाटलेल्या फांद्या, पाला, उकरून काढलेलं लॉन. सगळा हिरवा माल. फक्त तळाशी ठिबकची काळी नळी आणि नर्सरीतून रोपं येतात त्या प्लास्टिकच्या कुंड्या निघाल्या. ज्यांच्या बागेचं काम होतं त्यांच्या भाडेकरूने त्या परस्पर ढिगात टाकलेल्या. काट्यावरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, हा माल मिश्र आहे. मिश्र म्हणजे साध्या कचऱ्याचा दर, आणि तो बराच चढा. आमच्या मालकाने ट्रक आवारात आणून रिकामा केला, चार माणसं लावून नळीचा एकेक तुकडा वेचून काढला. दुपारी तोच ट्रक, तोच माल, त्याच बाई. पास.

आधी मला चीड आली. एवढ्याशा नळीसाठी अर्धा दिवस! मग वाटलं, काट्याचं अप्रूप आपल्याला कशाला असावं? सोलापूर जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने. काट्यावर रात्र काढणाऱ्या उसाच्या गाड्या बघत आपण मोठे झालो, आणि काटामारी म्हणजे काय हे आपल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. पण आपला काटा विकायच्या मालाला. टाकायच्या मालाला काटा, वर टनामागे पैसे मोजायचे, हे मी सॅक्रामेंटोला आल्यावर पाहिलं. म्हणून इथे बागेचं कोटेशन काढताना रोपं कुठली हा प्रश्न नंतर येतो. आधी विचारायचं, बाहेर किती माल जाणार? ते कोटेशन मी काढते. ‘बी.एस्सी. ॲग्री करून अमेरिकेत पालापाचोळ्याची बिलं लावते’ असं आमच्या एका काकांनी लग्नाच्या पंगतीत सांगितल्याचं कानावर आलंय. हो काका, लावते. तुमच्या बंगल्यातल्या पाल्याचं बिल कोण भरतं ते एकदा बघा.

इथे हे सगळं माणसं फार सज्जन आहेत म्हणून चालत नाही. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये कायदा केला, १ जानेवारी २०२२ पासून त्याचे नियम लागू झाले. कुजणारा कचरा पुरायचं प्रमाण २०१४ च्या तुलनेत २०२५ पर्यंत ७५ टक्क्यांनी खाली आणायचं ठरलं, कारण तो हवेशिवाय कुजला की मिथेन होतो. इथवर आपल्याकडच्या कुठल्याही परिपत्रकासारखंच. पण त्यात एक कलम फार हुशारीचं आहे. गावाने माणशी वर्षाला ०.०८ टन सेंद्रिय कचऱ्याच्या हिशेबाने त्यापासून झालेलं खत, आच्छादन किंवा गॅस घ्यायलाच पाहिजे. म्हणजे कचरा गोळा करणाऱ्याला गिऱ्हाईक सुद्धा कायद्यानेच बांधून दिलं.

आपल्या देशातही घनकचऱ्याचे नियम २०१६ मध्येच आले. बागेचा कचरा वेगळा ठेवावा, रस्त्यावर टाकू नये, जाळू नये, सगळं त्यात स्पष्ट लिहिलंय. नियमात आपण मागे नाही. गिऱ्हाईक राहिलं.

खताच्या यार्डात पाल्याचे लांबच लांब ढीग असतात. आत ५५ अंश सेल्सिअसच्या वर उष्णता पंधरा दिवस टिकली पाहिजे आणि तेवढ्यात ढीग पाचदा पलटी झाला पाहिजे, तरच ते खत म्हणून बाहेर पडतं. तणाचं बी त्यात मरतं. आमचा ट्रक जाताना पाला नेतो, येताना खत आणतो. नवीन मोठी बाग केली तर हजार चौरस फुटाला चार घनयार्ड खत सहा इंच खोलवर मिसळायचं, हा इथला नियम. आपल्या भाषेत एक ब्रासहून जरा जास्त. वर तीन इंच मल्च. मल्च म्हणजे आपलं आच्छादन हो, उसाच्या पाचटाचं करतात तेच. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, खोडव्यात सरीत दाबून ठेवा, जाळू नका, हे राहुरीचं कृषी विद्यापीठ कधीपासून सांगतंय. तरी रात्री पंढरपूरकडून येताना शिवारं पेटलेली दिसतातच. इथल्या खोऱ्यातले भातवालेही काड जाळायचे. १९९१ मध्ये कायदा आला आणि वर्षागणिक कमी करत त्यांना ते जवळजवळ थांबवावं लागलं. तेव्हा हे लोक जन्मापासून शहाणे आहेत असं कुणी मला सांगू नये.

उलट बऱ्याच गोष्टींत मला इथे हसू येतं. सॅक्रामेंटोचा पाऊस सोलापूरपेक्षा कमीच, तोही हिवाळ्यात. उन्हाळाभर टिपूस नाही. ६ सप्टेंबर २०२२ ला पारा ४६ च्या वर गेला होता. अशा गावात घरोघरी हिरवंगार लॉन! २०१५ च्या दुष्काळात गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी शहरांना पाणी २५ टक्के कमी करायला लावलं आणि पाच कोटी चौरस फूट लॉन काढायचं ठरवलं. आता लॉन काढणाऱ्याला अनुदान मिळतं, आणि ते काढणं हा आमचा अर्धा धंदा आहे. त्याजागी ठिबक टाकतो. मी सांगोल्याच्या डाळिंबाला पाणी तोडून ताण कसा देतात ते बघितलेली पोरगी, मला इथले लोक ठिबक समजावून सांगतात. मी मान डोलावते. पगार त्याचाच आहे.

धुण्याचं पाणी बागेला सोडायचं तर इथे पूर्वी परवाना काढावा लागे. साध्या वॉशिंग मशीनच्या जोडणीला २००९ मध्ये त्यातून सूट मिळाली. आमच्या जुळे सोलापुरातल्या घरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. नवीन आलं की पिंपातलं शिळं पाणी कढीपत्त्याला, भांड्यांचं केळीला. आईने त्यासाठी कुणाची सही घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि आता या सगळ्या शहाण्या कारभारातलं खूळ: लीफ ब्लोअर. पाठीवर मशीन बांधायचं, कानात बोळे घालायचे आणि पाला फुंकत न्यायचा. इकडून तिकडे. वारा सुटला की तिकडून इकडे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, हा काहीतरी वाळवायचा प्रकार असेल. राज्याच्या हवा मंडळाचाच हिशेब आहे की पेट्रोलवरचा मोठा ब्लोअर तासभर चालवला तर धुरकं करणारं प्रदूषण गाडीने सुमारे १७७० किलोमीटर जाण्याइतकं होतं. मग उपाय काय काढला? २०२४ च्या मॉडेलपासून पुढची अशी नवीन पेट्रोल मशीन विकायला बंदी, आता बॅटरीची घ्या. खराटा घ्या असं कुणालाच सुचलं नाही. आमच्याकडच्या बॅटऱ्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत दम टाकतात, मग चार्जिंगची धावपळ. मी मालकाला खराट्याचं चित्र काढून दाखवलं. तो मेक्सिकोचा, त्याला कळलं. त्याच्या आजीकडेही तसाच होता म्हणाला.

मग त्याने तासाची मजुरी आणि लागणारे तास गुणून दाखवले. खराट्याने झाडायचं तर माणूस परवडत नाही. यावर मला बोलता येईना. आपल्याकडे खराटा स्वस्त, कारण पहाटे तो हातात धरणारी बाई स्वस्त. तरीही ब्लोअरचा आवाज आला की मी खिडकी लावते आणि मनात सोलापूरला शंभरपैकी शंभर देऊन टाकते.

पण ती बाई ढीग लावून पुढे गेली की मागून कुणीतरी काडी लावतं. सोलापूरच्या घरी आप्पांना फोनवर म्हटलं, सोसायटीतला पाला तुम्ही तरी पेटवू देऊ नका. ते म्हणाले, “तुमच्याकडं पाला टाकायला पैसे पडतात, आमच्याकडं दोन रुपयाची काडीपेटी. कोण ऐकंल ग?” मी नियम सांगितला. ते म्हणाले, “नियम राहू दे. नेणारा कोण, ते सांग.”

तेव्हापासून माझ्या डोक्यात हिशेब चाललाय. मे महिन्यात, पावसाच्या आधी, तारांखालची झाडं छाटली जातात. कडुलिंब, गुलमोहर, करंज. जाड फांद्या जळणाला जातात, बारीक काटक्या आणि पाला रस्त्याकडेला पडून राहतो. नेमक्या त्याच वेळेला गाळप संपून ट्रॅक्टर मोकळे झालेले असतात. ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद यंत्राला देणाऱ्या दांड्यावर, चालणारं फांद्या बारीक करायचं यंत्र मिळतं. आणि गावाच्या चारी बाजूंना डाळिंबाच्या बागा, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन. आच्छादन कुणाला नको आहे? कुठल्या झाडाचा भुसा चालेल, कुठला नको, वाळवी लागेल का, हे विचारायला केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र गावातच आहे. आप्पांनी सोमवारी जायचं कबूल केलंय.

यंत्राचं मात्र आमचं अडलंय. विकत घेऊन एका सोसायटीच्या पाल्यावर ते फिटणार नाही, भाड्याने मिळालं तर जमेल. मोहोळ, माढा, सांगोला भागात कुणाकडे असेल तर डिझेल आणि माणसासकट तासाचा काय दर पडतो तेवढं कळवा. मोठी फांदी किती इंचापर्यंत घेतं तेही लिहा, कारण इथल्या यंत्रांवरून मी अंदाज बांधला तर आप्पा मला हसतील.