एक बोगदा, एक रांग

गेल्या जुलैतली गोष्ट आहे, अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहूनच टाकते.

डेक्कन एक्स्प्रेसने ठाण्याहून पुण्याला निघाले होते, मामेबहिणीकडे. सेकंड सीटिंगचा डबा, आडवार, त्यात धो धो पाऊस, त्यामुळे कल्याणनंतर डबा जवळपास रिकामाच आणि कर्जतला समोरचे काका-काकू पण उतरले. तिथे घाट चढायला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावतात ना, तेवढ्यात मी खिडकीतूनच वडापाव घेतला. वळून बघते तर डब्यात मी आणि पार दुसऱ्या टोकाला एक माणूस. पन्नाशीचा असेल, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर स्टीलचा डबा, तो पण दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

पळसदरी मागे पडलं आणि बोगदे सुरू झाले. डब्यातले लाइट बंद होते. मी मोबाइलचा टॉर्च लावला, पण त्याचा उजेड दोन सीटच्या पुढे जाईना, उलट काचेत माझाच चेहरा दिसायला लागला. बाहेर आलो तर तो माणूस एक रांग पुढे. म्हटलं त्याच्या खिडकीतून पाणी येत असेल, येतंच. पुढचा बोगदा, परत एक रांग. मग मी मोजायलाच लागले. उजेडात तो जागचा हलायचा नाही, माझ्याकडे बघायचा पण नाही, निवांत बाहेरचे धबधबे बघत बसायचा, आणि अंधार झाला की एक रांग, डबा तसाच मांडीवर, हात तसेच.

वडापाव हातातच गार झाला.

आता तुम्ही म्हणाल उठून दुसऱ्या डब्यात का नाही गेलीस? अहो, माझ्या बाजूचं दोन डब्यांमधलं शटर पाडलेलं होतं, जायची वाट त्याच्या अंगावरूनच. रेल्वेचा हेल्पलाइन नंबर १३९ लावावा तर घाटात रेंज नाही. साखळी होती डोक्यावर, पण विनाकारण ओढली तर १००० रुपये दंड नाहीतर १ वर्षापर्यंत कैद, आणि गार्ड आला तर त्याला काय सांगू, हा माणूस सीट बदलतो म्हणून? रिकाम्या डब्यात सीट बदलणं काही गुन्हा नाही ना. खरं सांगायचं तर तेव्हा पण मला लाजच जास्त वाटत होती, उगाच आपण तमाशा करतोय असं नको दिसायला.

खंडाळ्याच्या अलीकडे तो माझ्या बरोब्बर मागच्या रांगेत होता. मागे वळून बघायची हिंमत नव्हती, काचेत त्याचा शर्ट दिसत होता तेवढाच.

तेवढ्यात चिक्कीवाला आला. मी तीन पाकिटं घेतली, सुट्टे असून पाचशेची नोट दिली म्हणजे तो थांबेल, आणि वर विचारलं, "दादा, लोणावळा किती लांब आहे हो?" या मार्गाने मी शंभर वेळा तरी गेले असेन.

आणि मागून आवाज आला, अगदी मऊ, "बसा हो जरा इथे. ताईंना अंधाराची भीती वाटते. म्हणून मी हळूहळू जवळ येत होतो."

चिक्कीवाला हसला. मी पण हसले!! का हसले देव जाणे.

टॉर्च बघितला असणार त्याने, असं नवरा म्हणतो, भला माणूस असेल बिचारा. बहीण म्हणते, भला माणूस असता तर तिथूनच आवाज दिला असता, घाबरू नका म्हणून. मला बहिणीचं पटतं, पण रात्री झोप लागत नसली की नवऱ्याचं पटवून घेते.

लोणावळ्याला तो डबा घेऊन उतरला. हुश्श केलं. गाडी हलली तेव्हा सहज खिडकीतून पुढे बघितलं तर शेजारच्या डब्याच्या दारात पांढरा शर्ट चढत होता.

मला पुणे स्टेशनला जायचं होतं. शिवाजीनगरलाच उतरले, पावसात, आणि रिक्षावाल्याने जे मागितले ते दिले.